सगळं पौष्टिकच खाते, मग वजन का वाढतंय?

पत्राचा सारांश: वय ३९, दिवसभर खुर्चीवरचं काम. चार महिन्यांपूर्वी बिस्किटं, केक, तळलेले पदार्थ आणि सॉफ्ट ड्रिंक्स निश्चयाने बंद केली. आता सकाळी दूध-ग्रॅनोला, त्यावर मध आणि मनुका. अकराच्या सुमारास केळं, खजूर, पीनट बटर आणि संत्र्याचा रस घालून केलेली स्मूदी. दुपारी ऑलिव्ह ऑइल आणि बिया घातलेलं मोठं सॅलड. संध्याकाळी अर्धा तास भरभर चालणं, आल्यावर प्रोटीन बार, मग मूठभर बदाम-अक्रोड. रात्रीचं जेवण पूर्वीसारखंच. एवढं करून वजन तीन किलोंनी वाढलं. घरचे म्हणतात, चाळिशी आली की मेटाबॉलिझम मंदावतो. मैत्रीण म्हणते, आधी ज्यूस डिटॉक्स कर. पत्रलेखिकेचा प्रश्न असा: यातलं नेमकं काय बंद करू? की शरीरातच काही बिघडलं आहे?

उत्तर:

तुमचं पत्र नीट वाचलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. काय खाता हे तुम्ही बारकाईने लिहिलं आहे, पण किती खाता हे कुठेच नाही. ग्रॅनोला किती ग्रॅम, तेल किती चमचे, मूठ केवढी, काहीच नाही. यात तुमची चूक नाही. ‘पौष्टिक’ असा शिक्का बसलेल्या पदार्थाचं माप काढायचं असतं हे सहसा कोणी सांगतच नाही. माप काढायचं ते केकचं आणि आइस्क्रीमचं, असाच सगळ्यांचा समज असतो.

आधी त्या तीन किलोंचा हिशोब करू. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. तीन किलो म्हणजे २३,१०० कॅलरी, आणि चार महिन्यांचे १२० दिवस. भागाकार केला तर दिवसाला १९० च्या आसपास येतात. हा आकडा ढोबळ आहे, कारण वाढलेल्या वजनात थोडं पाणीही असतं आणि वजन वाढलं की शरीराचा खर्चही थोडा वाढतो. तरी त्यावरून अंदाज येतो. तुम्ही रोज भरमसाट खात नाही आहात. रोज दोनशेच्या आसपास कॅलरी जास्त जात आहेत, एवढंच. तुमच्या यादीत दोनशे कॅलरी लपायला किमान पाच जागा आहेत.

पत्रामागे एक गृहीतक आहे, ते तपासून पाहा: पौष्टिक पदार्थाने वजन वाढत नाही. पौष्टिक म्हणजे त्यात जीवनसत्त्वं, खनिजं, तंतू, चांगल्या प्रकारची स्निग्धता आहे. त्या पदार्थात ऊर्जा किती, हा वेगळा प्रश्न आहे. अक्रोड हृदयासाठी चांगले आहेत आणि १०० ग्रॅम अक्रोडात साडेसहाशे कॅलरी आहेत. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. एक ग्रॅम स्निग्धतेतून ९ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून किंवा प्रथिनातून ४. ती स्निग्धता ऑलिव्हची असो, नारळाची असो की लोण्याची, ९ म्हणजे ९. तेलाचा प्रकार बदलल्याने कोलेस्टेरॉलवर परिणाम होतो, कॅलरीवर होत नाही.

म्हणून तेलापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमच्या ताटातला सर्वात न दिसणारा भाग तोच आहे. १५ मिलीच्या मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. सॅलडवर बाटली तिरकी करून तेल सोडलं की सहज तीन चमचे पडतात, म्हणजे ३६० कॅलरी. काकडी, टोमॅटो, लेट्यूस, गाजर असं भांडंभर सॅलड स्वतः मात्र ५० ते ८० कॅलरींचं. म्हणजे तुम्ही भाज्यांची डिश खाताय असं वाटतं, आणि त्यातल्या बहुतेक कॅलरी तेलातून येतात. वर दोन मोठे चमचे सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर आणखी १०० च्या पुढे. अख्खा अॅव्होकाडो कापून घातला तर त्याचे २४० वेगळे.

तेल सोडा असं मी सांगणार नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धतेशिवाय नीट शोषली जात नाहीत, आणि कोरडं सॅलड चार दिवसांत नकोसं होतं. एका माणसाच्या सॅलडला एक मोठा चमचा तेल पुरतं. मात्र ते थेट भाज्यांवर ओतू नका. छोट्या बरणीत एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट आणि मीठ घाला, झाकण लावून जोरात हलवा, मग भाज्यांवर घालून हाताने कालवा. मोहरीमुळे तेल आणि आंबट रस एकजीव राहतात आणि पातळ थर सगळीकडे बसतो. नुसतं ओतलेलं तेल भांड्याच्या तळाशी जातं, वरची पानं कोरडी लागतात, आणि आपण पुन्हा ओततो. भाज्या धुतल्यावर पुरत्या निथळल्या नसतील तरी हेच होतं, ओल्या पानावर तेल टिकत नाही.

स्वयंपाकात एकूण किती तेल जातं हे शोधायला रोज चमचे मोजत बसायची गरज नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. अर्ध्या लिटरची बाटली दोघांत दहा दिवसांत संपली तर माणशी दिवसाला २५ मिली, म्हणजे २०० कॅलरी. सॅलडचं तेल त्याच बाटलीतलं असेल तर ते यात आलं, वेगळ्या बाटलीतलं असेल तर तिच्यावरही तारीख घाला.

आता ग्रॅनोला. ओट्स तेल आणि साखर, मध किंवा सिरपमध्ये घोळवून भाजले की ग्रॅनोला होतो. तो कुरकुरीत होतो तो या दोन गोष्टींमुळेच. १०० ग्रॅममध्ये सहसा ४५० ते ४९० कॅलरी असतात. पाकिटावर एका वेळचं प्रमाण बहुधा ४० ते ५० ग्रॅम लिहिलेलं असतं. तेवढं ग्रॅनोला खोल वाडग्यात तळाला जेमतेम दिसतं, म्हणून अंदाजाने ओतणारा माणूस ८०-९० ग्रॅम ओततो. ९० ग्रॅमचे झाले सव्वाचारशे, वर मोठा चमचाभर मध म्हणजे आणखी साठएक, ३० ग्रॅम मनुका म्हणजे ९०. दूध अजून घातलेलंच नाही. तेवढ्याच मनुका द्राक्षांच्या रूपात खायच्या म्हटल्या तर साधारण १३० ग्रॅमचा घड होतो. तो खाताना तोंडाला काम पडतं आणि पोटाला कळतं.

मधाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ‘साखर बंद केली, आता फक्त मध’ हे वाक्य फार पत्रांतून येतं. मोठ्या चमच्यात मध २१ ग्रॅम बसतो आणि त्यात १७ ग्रॅम साखर असते. दाणेदार साखर त्याच चमच्यात साडेबारा ग्रॅमच बसते. म्हणजे चमच्याला चमचा बदलला तर मधातून जास्त साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखरही मर्यादेत मोजायला सांगितली आहे. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम आहे, आणि शक्य असेल तर २५. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. खजूर-सिरप, अॅगेव्ह, मेपल हे सगळे मात्र मधाच्याच रांगेतले.

ग्रॅनोला हवाच असेल तर ४० ग्रॅम तोलून घ्या, मध काढा, मनुकांऐवजी ताजं फळ घ्या. यापेक्षा सोपा बदल म्हणजे ४० ग्रॅम साधे ओट्स. त्यांत १५० कॅलरींच्या आसपास असतात, शिजून ते वाडगाभर होतात, आणि वर सफरचंद चिरून घातलं तर मधाची आठवण येत नाही. दह्याबाबतही एक सूचना. फ्लेवर्ड दह्याच्या लेबलवर साखरेचा आकडा दिसतो त्यात दुधातली नैसर्गिक साखरही असते. ती १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम असते. तेवढी वजा करा, उरेल ती बहुतेक वरून घातलेली.

स्मूदीवर लोक उगाच तुटून पडतात. मिक्सरमधून काढल्याने फळातले तंतू नाहीसे होत नाहीत, रस गाळल्यावर होतात. तुमच्या स्मूदीत अडचण आहे ती तिच्यात काय काय पडतं याची. केळं १०५, मोठे दोन खजूर १३०, चमचा शीग लावून भरलेलं पीनट बटर १५०, ग्लासभर म्हणजे २०० मिली संत्र्याचा रस ९०. बेरीज पावणेपाचशे. हे एक जेवण आहे, आणि तुम्ही ते न्याहारी व दुपारचं जेवण यांच्या मधे पिता. पाच मिनिटांत पिऊन झालेल्या जेवणाची नोंद पोट तितकीशी ठेवत नाही. पेन स्टेट विद्यापीठात जेवणाआधी सफरचंद वेगवेगळ्या रूपांत देऊन पाहिलं होतं. अख्खं फळ खाल्लेल्यांनी नंतरच्या जेवणात, काहीच न खाल्लेल्या दिवसाच्या तुलनेत, साधारण १५ टक्के कमी खाल्लं. सफरचंदाचा गर आणि रस यांचा परिणाम त्याहून कमी होता.

तेव्हा स्मूदीबाबत दोनांपैकी एक निवडा. एक तर तिलाच न्याहारी करा, मग ग्रॅनोला नको. त्या वेळी रसाऐवजी पाणी किंवा दूध, खजूर वगळा, पीनट बटर सपाट एक चमचा, म्हणजे १६ ग्रॅम. नाहीतर स्मूदी सोडून अकरा वाजता एक अख्खं फळ खा. मी दुसरा पर्याय निवडला असता. धुवायला भांडंही कमी.

सुकामेव्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. लोक वजन वाढलं की सर्वात आधी बदाम बंद करतात, आणि तो सर्वात चुकीचा क्रम असतो. अख्खे बदाम आपण कितीही चावले तरी त्यांच्या काही पेशी फुटत नाहीत आणि आतली स्निग्धता न पचता बाहेर पडते. प्रत्यक्ष मोजणीत अख्ख्या कच्च्या बदामांतून शरीराला लेबलवरच्या आकड्यापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी ऊर्जा मिळते असं दिसलं आहे. बदामाच्या बटरमध्ये ही सवलत उरत नाही, कारण दळण्याचं काम यंत्राने आधीच केलेलं असतं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे २०-२३ बदाम, ठेवा. पण पाकिटात हात घालून खाऊ नका. छोट्या वाटीत काढा, पाकीट कपाटात ठेवा, मग बसा. ‘मूठ’ हे माप प्रत्येकाचं वेगळं आणि दुसऱ्या मुठीला कोणी मोजत नाही.

प्रोटीन बार मात्र सोडा. अर्धा तास भरभर चालून मध्यम वजनाच्या माणसाचा खर्च ११० ते १५० कॅलरी होतो. ६० ग्रॅमच्या बारमध्ये बहुधा २०० ते २५० असतात. चालण्याने जे कमावलं त्याच्या दीडपट दहा मिनिटांत परत. चालणं हृदय, झोप, सांधे, रक्तातली साखर या सगळ्यासाठी करा, त्यासाठी बक्षीस लागत नाही. आणि बार हा शेवटी कारखान्यात बनलेला गोड पदार्थच असतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्धता, तंतू सारखेच होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना त्यांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तो प्रयोग केवळ बारविषयी नव्हता, पण मऊ, दाट, भराभर संपणारं अन्न जास्त खाल्लं जातं हा मुद्दा तुमच्या अर्ध्या यादीला लागू पडतो.

‘पौष्टिक’ शिक्क्याच्या बाकीच्या पदार्थांविषयी थोडक्यात. ग्लूटेन नसलेलं बिस्किट हे बिस्किटच. भाजलेले भाज्यांचे चिप्स तळलेल्यांपेक्षा थोडेच हलके असतात, आकडा १०० ग्रॅममागे पाहा. ‘मल्टिग्रेन’ ब्रेडमध्ये पाच धान्यं असू शकतात आणि तरी पहिला घटक मैदाच असू शकतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिले तीन वाचा. तिथे साखर दिसली नाही तर यादीत पुढे सिरप, मध, माल्टोज, फळांचा घट्ट रस असे तुकडे शोधा. साखर चार नावांत वाटली की प्रत्येक नाव खाली सरकतं.

आता मेटाबॉलिझम. घरच्यांचं म्हणणं चुकीचं असण्याची शक्यता बरीच आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर २० ते ६० या वयात खर्च जवळजवळ स्थिर राहतो असं त्यात दिसलं. त्याहून जुनी, १९९२ ची एक छोटी पाहणी आहे. दिवसाला १,२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन घटत नाही असं सांगणाऱ्या १० जणांचा खर्च प्रत्यक्ष मोजला, तो अपेक्षेइतकाच निघाला. मात्र त्यांनी सांगितलेला आहार खऱ्या आहाराच्या जवळपास निम्माच होता. ही माणसं खोटं बोलत होती असं म्हणायचं कारण नाही. अंदाज असाच चुकतो, तुमचा, माझा, आहारतज्ज्ञांचाही.

तरीही शरीरात काही बिघाड असेलच तर तो तपासून घ्यावा. खूप थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, पाळी अनियमित होणं यांपैकी काही असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. स्टेरॉइड्स, इन्सुलिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी वजन वाढू शकतं. अशी औषधं या चार महिन्यांत सुरू झाली असतील तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. पायांवर सूज, धाप लागणं, आठवड्यात दोन-तीन किलो एकदम वाढणं, यात वाट पाहू नका. ते चरबीचं वजन नसतं.

ज्यूस डिटॉक्सचा सल्ला बाजूला ठेवा. शरीर स्वच्छ ठेवण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. तीन दिवस रसावर राहून दीड-दोन किलो उतरतात ते बरेचसे पाणी असतं. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की ते जातं आणि जेवण सुरू होताच परत येतं. प्रथिनं जवळपास शून्य. पुन्हा बिस्किटांकडे वळणं हाही उपाय नाही. तुम्ही काढून टाकलेल्या गोष्टी काढण्यासारख्याच होत्या. अॅपवर प्रत्येक घास नोंदवणं काहींना जमतं, पण बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात.

म्हणून फक्त पाच गोष्टी मोजा: तेल, सुकामेवा आणि बिया, नट बटर, ग्रॅनोला, आणि मधासकट सगळी गोड भर. भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, साधं दही, अंडी यांना हातही लावू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, नेहमीसारखं वाढून घ्या आणि फक्त वजन लिहा. हे तीन दिवस लोक वगळतात आणि तिथेच चूक होते, कारण आपली गळती कुठे आहे ते कळतच नाही. वाडगा काट्यावर ठेवून शून्य करा, मग पदार्थ घाला. पीनट बटरसाठी उलट करा. बरणी काट्यावर ठेवून शून्य करा आणि चमचा काढा, जो उणे आकडा येईल तेवढं तुम्ही घेतलं. चमचा चाटलेलाही त्यात येतो. ओट्स कोरडे असताना तोला, शिजल्यावर पाण्याचं वजन मिसळतं.

चौथ्या दिवसापासून सर्वात मोठ्या एका आकड्याला हात घाला, एकाच. सॅलडवर खरंच तीन चमचे तेल जात असेल तर एकावर या, २४० कॅलरी तिथेच कमी झाल्या आणि वाढ थांबायला बहुधा तेवढं पुरे. वजन उतरवायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यात ग्रॅनोला निम्मं करा. सगळं एकदम कापलं तर दिवसाला सात-आठशे कॅलरी कमी होतात, रात्री भूक अनावर होते आणि जेवणात ती सगळी वसूल होते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुष्कळ झाला. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी पाहा. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांनी रोजचा आकडा किलोभर सहज हलतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून पंधरा दिवसांनी घेर मोजा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन सूचना. ज्यांना पूर्वी खाण्याविषयीचा मानसिक त्रास झाला आहे, त्यांनी काटा आणूच नये. अर्धं ताट भाज्या, पाव प्रथिनं, पाव धान्य आणि तेल चमच्याने, एवढंच ठेवावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारी अचानक निम्मी करू नये, आधी डोस विचारावा. आणि ज्यांचं वजन कमी आहे, भूक मंदावलेली वयस्कर माणसं आहेत, आजारातून उठलेले आहेत, त्यांना हेच दाट पदार्थ हवेत. थोड्या घासांत जास्त ऊर्जा त्यांच्या उपयोगाची आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो स्वतःला विचारा. तीन किलो वाढण्याआधी तुमचं वजन उंचीच्या मानाने ठीक होतं का? तसं असेल तर आधीच्या आकड्यावर परतणं एवढंच काम आहे, त्याहून खाली जायचं कारण नाही.

घरात उरलेलं ग्रॅनोलाचं पाकीट फेकू नका. साध्या दह्यात चिरलेलं फळ घ्या आणि वर १५ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे, भुरभुरा. कुरकुरीतपणा तेवढ्यानेही येतो, आणि ते ७० कॅलरींचं आहे.